ऑप्टिमायझर सांगतो दोन वर्षं, बॅटरी संपते दोन महिन्यांत: आधी काय तपासायचं?

सेन्सर नोडचं, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या आणि मोजमापं रेडिओने पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांचं, जाळं उभं आहे. क्लस्टर हेड (गटाचा डेटा गोळा करून पुढे पाठवणारा नोड) कोणी व्हायचं, कोणी कोणामार्फत डेटा पाठवायचा, किती वेळाने जागं व्हायचं, हे ठरवायला जेनेटिक अल्गोरिदम किंवा पार्टिकल स्वॉर्म असा ऑप्टिमायझर, म्हणजे उत्तरं बदलत-बदलत चांगलं उत्तर शोधणारा प्रोग्राम, लावला आहे. स्क्रीनवरचा आलेख छान उतरत जातो, ऊर्जेचा खर्च निम्म्यावर आलेला दिसतो. तीच सेटिंग खऱ्या नोडवर चढवली की मात्र काही फरक पडत नाही, किंवा आधीचंच बरं होतं असं वाटायला लागतं.

अशी जाळी दुरुस्त करायला बसलं की समोरून पहिला प्रश्न हमखास येतो: "आता कुठला अल्गोरिदम घेऊ? ग्रे वुल्फ? व्हेल? फायरफ्लाय?" माझं उत्तर ठरलेलं आहे. अल्गोरिदमला सगळ्यात शेवटी हात लावायचा. ह्युरिस्टिक (हमी न देता चांगलं उत्तर शोधणारी पद्धत) बिचारं तुम्ही दिलेला आकडा, म्हणजे फिटनेस, लहान करत जातं. त्या आकड्याचा बॅटरीशी संबंधच नसेल तर लांडगा आणला काय आणि देवमासा आणला काय. वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ साली गणिताने सिद्ध केलंय की सगळ्या शक्य समस्यांची सरासरी काढली तर कुठलाही शोध-अल्गोरिदम दुसऱ्यापेक्षा सरस ठरत नाही. तुमच्या समस्येची रचना त्यात किती उतरली आहे, यावरच सगळं अवलंबून.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढचं वाचा. बहुतेकदा दोन-तीन एकत्रच दिसतात.

- सिम्युलेशनमधलं आयुष्य आणि प्रत्यक्षातलं आयुष्य यांत कित्येक पटींचा फरक.
- दर वेळी चालवलं की वेगळंच उत्तर. आणि फिटनेस मात्र जवळजवळ तोच.
- पहिल्या काही पिढ्यांत (शोधाच्या फेऱ्यांत) आलेख सपाट होतो आणि पुढे हलतच नाही.
- उत्तरातली मूल्यं मर्यादेला चिकटलेली: सगळ्यांची ट्रान्समिट पॉवर कमाल, किंवा जागं होण्याचा कालावधी सगळीकडे किमान.
- सरासरी बॅटरी उत्तम, पण गेटवेजवळचे (गेटवे म्हणजे जाळ्याचा डेटा बाहेर नेणारं यंत्र) नोड आधी मरतात आणि त्यांच्यामागचं अख्खं जाळं मुकं होतं.
- नवी सेटिंग पाठवली की थोडा वेळ पॅकेट गळतात, सावरेपर्यंत पुढची सेटिंग येते.

आता तपासण्या. क्रम मुद्दाम स्वस्तापासून महागाकडे आहे. पहिल्या काही तपासण्यांना खुर्चीवरून उठावंही लागत नाही.

१. सीड बदलून पुन्हा चालवा

ह्युरिस्टिक म्हणजे फाशांचा खेळ, आणि सीड म्हणजे ते फासे कसे पडतील हे ठरवणारा सुरुवातीचा आकडा. एकाच रनवरून काही ठरवता येत नाही. वेगवेगळ्या सीडने तीसेक रन घ्या आणि त्यातलं सर्वोत्तम उत्तर विसरा. मध्यक आणि सर्वांत वाईट उत्तर बघा. नोडवर तुम्ही एकच उत्तर चढवणार आहात, ते यांपैकी कुठलंही निघू शकलं असतं.

इथे एक छुपी खोड आहे. रन समांतर चालवताना सीड घड्याळावरून घेतला असेल तर एकाच सेकंदाला सुरू झालेल्या प्रक्रियांना तोच सीड मिळतो. पायथनमध्ये फोर्क केलेल्या, म्हणजे चालू प्रोग्रामची प्रत काढून सुरू केलेल्या, प्रक्रियांत नमपाय या गणिती लायब्ररीच्या ग्लोबल रँडम जनरेटरची अवस्था जशीच्या तशी नकलते. मग तीस रन म्हणजे एकाच रनच्या तीस प्रती, आणि निकाल "फार स्थिर" आहे म्हणून आपण खूश. प्रत्येक प्रक्रियेला सीड स्वतः द्या आणि तो लॉगमध्ये लिहा.

२. छोट्या जाळ्यावर खरं उत्तर काढा

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा. दोष शोधात आहे की मॉडेलमध्ये, याचा निकाल इथे लागतो आणि पुढचे कित्येक दिवस वाचतात.

पंधरा नोड घ्या, त्यातले चार क्लस्टर हेड निवडायचे. शक्य निवडी फक्त १,३६५. वीसातून पाच निवडायचे तर १५,५०४. लॅपटॉपला हे काहीच नाही. सगळ्या निवडी एकेक करून मोजा. आता तुमच्या हातात खरं सर्वोत्तम उत्तर आहे. ऑप्टिमायझर तिथे पोचतो का बघा. पोचत असेल तर शोध बऱ्यापैकी धड आहे, मॉडेल तपासायला घ्या. एवढ्याशा जाळ्यावरही पोचत नसेल तर कोडमध्येच काहीतरी मोडलंय. मोठ्या जाळ्यात ते दिसत नव्हतं, कारण तिथे खरं उत्तर कोणालाच माहीत नसतं.

याच बैठकीत दोन साधे प्रतिस्पर्धी उभे करा. एक, निव्वळ रँडम शोध: ऑप्टिमायझरने फिटनेस जितक्या वेळा मोजला तितक्याच वेळा रँडम उत्तरं काढायची आणि सर्वोत्तम ठेवायचं. दोन, ग्रीडी: दर पायरीला सर्वांत जास्त फायदा देणारा नोड उचलायचा. गेटवे कुठे बसवायचे म्हणजे जास्तीत जास्त नोड पट्ट्यात येतील, अशा प्रकारच्या समस्येत ग्रीडी सर्वोत्तम उत्तराच्या किमान ६३ टक्के तरी देतोच. नेमहाउझर, वोल्सी आणि फिशर यांनी १९७८ मध्येच ते सिद्ध केलंय. प्रत्यक्षात तो याहून खूप वर असतो. तुमचा जेनेटिक अल्गोरिदम ग्रीडीच्या मागे पडत असेल तर तूर्त ग्रीडी चढवा आणि झोपा. खरंच सांगतो, पुष्कळ ठिकाणी काम तिथेच संपतं.

३. फिटनेसमधली प्रत्येक बाब वेगळी छापा

एकूण बेरीज नको, बेरजेतला प्रत्येक आकडा हवा. हिशेब बघा. पुष्कळ शोधनिबंधांत वापरलं जाणारं रेडिओ मॉडेल २००० सालच्या लीच या, क्लस्टर हेड आळीपाळीने बदलणाऱ्या, प्रोटोकॉलमधून आलेलं आहे: दर बिटला इलेक्ट्रॉनिक्ससाठी ५० नॅनोज्यूल, आणि अ‍ॅम्प्लिफायरसाठी दर बिटला दर चौरस मीटरला १०० पिकोज्यूल. चार हजार बिटांचं पॅकेट ५० मीटरवर पाठवलं तर पहिल्या भागाचे ०.२ मिलिज्यूल आणि दुसऱ्याचा १ मिलिज्यूल, मिळून ०.००१२ ज्यूल. विलंब समजा ३०० मिलिसेकंद. दोन्हींना "समान महत्त्व" म्हणून ०.५ वजन दिलं की बेरजेत ऊर्जेचे ०.०००६ आणि विलंबाचे १५०. ऑप्टिमायझरला ऊर्जा दिसतच नाही. तो प्रामाणिकपणे विलंब कमी करतो, आणि त्यासाठी सगळ्यांना कमाल पॉवरवर नेऊन ठेवतो. मर्यादेला चिकटलेल्या मूल्यांचं कारण बहुतेकदा एवढंच.

उपाय: प्रत्येक बाबीला ग्रीडी उत्तराच्या त्याच बाबीने भागा. १ म्हणजे ग्रीडीइतकं, ०.८ म्हणजे वीस टक्के बरं. दर पिढीतल्या किमान-कमालवरून मोजपट्टी बनवू नका. ती पट्टी दर पिढीला बदलते आणि कालचं उत्तर आजच्याशी ताडता येत नाही. वजनं ठरवताना नुसते वाद होत असतील तर वजनंच टाळा. कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांचा २००२ चा एनएसजीए-२ हा जेनेटिक अल्गोरिदम दोन उद्दिष्टांमधल्या तडजोडींची अख्खी रेषा समोर ठेवतो, मग निवड माणसाने करावी.

४. सरासरी मोजताय की सर्वांत कमनशिबी नोड?

गेटवेजवळचा नोड स्वतःचा डेटा पाठवतो आणि मागच्या सगळ्यांचाही. एकूण किंवा सरासरी ऊर्जा कमी करायला सांगितलं तर ऑप्टिमायझर त्याच बिचाऱ्यावर आणखी भार टाकतो, कारण बेरजेत तेच स्वस्त पडतं. उद्दिष्ट बदला: सर्वांत आधी मरणाऱ्या नोडचं आयुष्य जास्तीत जास्त वाढवा. एका ओळीचा बदल आहे. आकड्यात एकूण खर्च थोडा वाढलेला दिसेल, वाढू द्या.

५. अशक्य उत्तरं किती निघतात ते मोजा

एका गेटवेवर क्षमतेपेक्षा जास्त नोड, मार्गात वळसा घेऊन परत स्वतःकडे येणारा दुवा, प्रसारणवेळेच्या कायदेशीर मर्यादेचं उल्लंघन. अशा उत्तरांना सरसकट अनंत दंड लावला तर अशक्य प्रदेशात दिशाच उरत नाही, आणि अल्गोरिदम पहिलं शक्य उत्तर सापडलं की तिथेच बसून राहतो. देब यांनी २००० मध्ये दिलेला नियम सोपा आहे: शक्य उत्तर अशक्यावर मात करतं, दोन शक्य उत्तरांत फिटनेस पाहायचा, दोन अशक्यांत ज्याचं उल्लंघन कमी ते पुढे. दंडाचा आकडा जुळवत बसावं लागत नाही.

६. ऊर्जेचं मॉडेल

इथवर सगळं ठीक निघालं तर दोष बहुधा इथेच आहे. याला वेळ द्या.

वरचं लीचचं मॉडेल फक्त पाठवलेल्या आणि घेतलेल्या बिटांचे पैसे लावतं. नुसतं ऐकत बसण्याचे लावत नाही. आता खरी चिप घ्या. सीसी२४२० हा सेन्सर नेटवर्कमध्ये वर्षानुवर्षं वापरलेला रेडिओ. डेटाशीटप्रमाणे कमाल पॉवरवर, म्हणजे ० डीबीएमवर (१ मिलिवॅट), पाठवताना तो १७.४ मिलिअँपिअर घेतो, आणि ऐकताना १८.८. ऐकणं महाग! तीन व्होल्टवर एक सेकंद नुसतं ऐकलं की ५६ मिलिज्यूल गेले. मॉडेलच्या हिशेबाने तेवढ्यात ५० मीटरवरची ४७ पॅकेट पाठवून झाली असती. ऑप्टिमायझर रात्रभर बसून अंतरं कमी करतो, आणि बॅटरी खाणारं ऐकणं त्याच्या हिशेबात नाहीच.

झोपेतल्या करंटचंही तेच. २,४०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी धरा. झोपेत १० मायक्रोअँपिअर जात असतील तर दिवसाला ०.२४ मिलिअँपिअर-तास, म्हणजे नगण्य. पण बोर्डवरचा रेग्युलेटर किंवा सेन्सरची वीज बंद होत नसेल आणि झोपेत ३०० मायक्रोअँपिअर जात असतील, तर दिवसाला ७.२. नोडने एकही पॅकेट पाठवलं नाही तरी ३३३ दिवसांत बॅटरी रिकामी. कुठलाही मार्ग निवडा, हा खर्च कमी होणार नाही.

पॅकेट पुन्हा पाठवण्याचा खर्च पुष्कळ सिम्युलेशन धरत नाहीत. जाताना यशाची शक्यता ०.७ आणि पोच परत येण्याचीही ०.७ असेल तर दोन्ही मिळून ०.४९, म्हणजे सरासरीने दोन वेळा पाठवावं लागतं. लांबच्या, कमकुवत दुव्यावर हा आकडा झपाट्याने चढतो, आणि "कमी उड्यांचा", म्हणजे मधे कमी नोड असलेला, मार्ग पसंत करणारा ऑप्टिमायझर नेमके असेच लांबचे दुवे उचलतो.

लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे सिग्नल किती ताणून पाठवायचा त्याची पायरी, ७ ते १२ असा लिहिला की तो सरळ चढणारा आकडा वाटतो. १२५ किलोहर्ट्झवर २३ बाइटांचं पॅकेट फॅक्टर ७ ला सुमारे ६२ मिलिसेकंद हवेत असतं आणि १२ ला सुमारे १,४८३ मिलिसेकंद. चोवीस पट. खर्चात फॅक्टर थेट घातला असेल तर ऑप्टिमायझरला १२ हा ७ च्या पावणेदोन पटही महाग वाटत नाही. फॅक्टर नको, प्रसारणवेळ घाला.

७. एक नोड प्रत्यक्ष मोजा

आता खुर्चीवरून उठायचं. मॉडेलमधले आकडे डेटाशीटचे असतील तर एका खऱ्या नोडवर ते पडताळायलाच हवेत. डेटाशीट चिपचं सांगतं, तुमच्या बोर्डचं नाही. झोपेतला करंट साध्या मल्टिमीटरने मोजता येतो, पण सांभाळून. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटरच्या आतल्या रोधावर व्होल्टेज पडतं. नोड जागा होऊन रेडिओ चालू करतो तेव्हा ते इतकं पडतं की नोड रीसेट होतो. मग नोड पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो, आणि तुम्ही भलताच आकडा लिहून घेता. झोप मीटरने मोजा. जागेपणाचा पूर्ण आलेख हवा असेल तर पॉवर प्रोफायलर (करंट क्षणाक्षणाला नोंदवणारं यंत्र) लागतो. तो उसना मिळाला तरी चालेल, एका दिवसाचं काम आहे.

मोजलेले आकडे मॉडेलमध्ये घाला आणि जुनंच उत्तर पुन्हा तपासा, नवं शोधू नका. अंदाज आणि प्रत्यक्ष जवळ आले की मगच ऑप्टिमायझर चालवायचा.

८. दुव्यांची माहिती शिळी आहे का?

सिग्नलची ताकद एका दुपारी मोजलेली असते आणि जाळं वर्षभर चालवायचं असतं. दारं मिटतात, माणसं फिरतात, झाडांना पालवी फुटते. शिवाय गोंधळ असलेल्या मोजमापांतून "सर्वोत्तम" निवडलं की निवडलेलं उत्तर बऱ्याच अंशी नशीबवान असतं, त्यामुळे प्रत्यक्षात ते खाली येतंच. शेवटच्या पाच-दहा उत्तरांना शोधात न वापरलेल्या दुसऱ्या आठवड्याच्या मोजमापांवर पुन्हा पळवा. पहिला क्रमांक बदलला तर नवल वाटून घेऊ नका.

९. ऑप्टिमायझर स्वतःच त्रास देतोय का?

दर काही मिनिटांनी नवं उत्तर काढून पाठवणाऱ्या जाळ्यांची ही खास तक्रार. दोन उत्तरांत अर्ध्या टक्क्याचा फरक, आणि तेवढ्यासाठी अर्ध्या नोडना नवा पालक (डेटा पुढे पोचवणारा नोड). ते निरोप पोचवायलाच वाचलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त खर्च होतो. बदलाचा खर्च फिटनेसमध्ये घाला आणि फायदा ठरावीक उंबरठ्याच्या वर असेल तरच हलवा. सेन्सर जाळ्यांत मार्ग ठरवणाऱ्या आरपीएल प्रोटोकॉलसाठीच्या आरएफसी ६७१९ या मानक दस्तऐवजात हीच काळजी घेतली आहे: नव्या मार्गाने अपेक्षित प्रसारणं किमान दीडने कमी होणार असतील तरच पालक बदलावा, अशी शिफारस तिथे आहे.

१०. आता अल्गोरिदम

इथवर आलात आणि दुसऱ्या तपासणीत शोध लंगडा निघाला होता, तर आता त्याच्याकडे वळू.

पहिली युक्ती फुकटची: नोडचे क्रमांक रँडम पद्धतीने बदला आणि पुन्हा चालवा. जाळं तेच आहे, त्यामुळे निकालाचा दर्जा बदलायला नको. बदलला तर सांकेतिकरण, म्हणजे उत्तर आकड्यांत लिहिण्याची पद्धत, चुकलंय. पार्टिकल स्वॉर्मला नोड क्रमांक १२ आणि १३ एकमेकांजवळ वाटतात, कारण आकडे जवळ आहेत. जागेवर ते जाळ्याच्या दोन टोकांना असू शकतात. क्रमांकाऐवजी जागेचे निर्देशांक किंवा प्रत्येक नोडसाठी हो-नाही असा बिट वापरा.

दुसरी: लोकसंख्येतली, म्हणजे एका पिढीतल्या उत्तरांमधली, विविधता दर पिढीला छापा. फिटनेस सपाट आणि विविधता शून्य म्हणजे सगळे एकाच खड्ड्यात जमलेत. टूर्नामेंटचा आकार (एका वेळी किती उत्तरांतून विजेता निवडायचा) कमी करा, म्युटेशन दर (एखादा बिट आपोआप उलटण्याची शक्यता) १ भागिले बिटांची संख्या इथून सुरू करा. फिटनेस सपाट पण विविधता भरपूर असेल तर वेगळंच काही आहे: बहुधा पठार, म्हणजे ७.१ आणि ७.४ दोन्हींचं पूर्णांकात ७ होतं आणि हलूनही फिटनेस बदलत नाही.

पार्टिकल स्वॉर्मचे गुणांक हाताने जुळवत बसू नका. क्लर्क आणि केनेडी यांच्या २००२ च्या विश्लेषणातले जडत्वासाठी ०.७२९८ आणि स्वतःच्या व थव्याच्या सर्वोत्तमाकडच्या ओढीसाठी प्रत्येकी १.४९६१८ घ्या, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगमध्ये सुरुवातीचं तापमान (वाईट पाऊल स्वीकारण्याची मुभा ठरवणारा आकडा) असं ठेवा की पहिल्या टप्प्यात बहुतेक वाईट पावलंही स्वीकारली जातील. आणि सुरुवातीच्या लोकसंख्येत ग्रीडीचं उत्तर टाका. सर्वोत्तम उत्तर दर पिढीला जपलं तर त्याखाली तरी जाणार नाही.

कुठे थांबायचं

मोजलेला झोपेतला करंट अपेक्षेच्या कित्येक पट निघाला आणि फर्मवेअरमधून सगळं बंद करूनही उतरत नसेल, तर तो बोर्डचा दोष आहे. हार्डवेअर इंजिनिअरकडे द्या. फुगलेली किंवा गरम होणारी लिथियम बॅटरी दिसली तर मोजमापही थांबवा. ती उघडू नका, दाबू नका, तिच्यावर चार्जर लावू नका.

सिग्नल दमदार आणि तरीही पॅकेट गळत असतील तर हस्तक्षेपाची शंका घ्यावी. ते शोधायला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि तो वाचता येणारा आरएफ तज्ज्ञ लागतो. दरम्यान पॉवर वाढवून बघण्याचा मोह टाळा: परवानगीची मर्यादा ओलांडाल आणि शेजारच्या नोडचा आवाजही दाबाल.

शोध ठीक, मॉडेल ठीक, पण उत्तर सर्वोत्तमापासून किती लांब आहे याचा लेखी पुरावा हवा असेल, तर ह्युरिस्टिक तो देऊ शकत नाही. पूर्णांक प्रोग्रामिंगचा सॉल्व्हर (पूर्णांकांतली समस्या नेमकी सोडवणारा प्रोग्राम) उत्तरासोबत हमीची मर्यादाही देतो. समस्या तशी मांडून देणारा ऑपरेशन्स रिसर्चचा माणूस गाठा.

आणि जाळ्यावर वायुगळतीचा इशारा, आगीचा अलार्म किंवा रुग्णाची नोंद चालत असेल, तर वरची एकही तपासणी चालू जाळ्यावर करू नका. नोडच्या झोपेचा कालावधी वाढवणं म्हणजे इशारा उशिरा येणं. तिथे सुरक्षेची जबाबदारी असलेल्या इंजिनिअरची लेखी संमती आधी, ऑप्टिमायझर नंतर.

तज्ज्ञाकडे जाताना चार गोष्टी सोबत न्या: सीडसकट रनचे लॉग, पंधरा नोडचं छोटं जाळं आणि त्याचं मोजून काढलेलं खरं उत्तर, एका नोडचा करंटचा आलेख, आणि फिटनेसमधल्या बाबींची वेगवेगळी छापील यादी.